बदलता समाज, बदलती अर्थव्यवस्था आणि भारताचे संशोधन धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधन धोरण आणि नवोन्मेष धोरण यांत फरक काय?

कोणत्या विषयांना पैसा द्यायचा, प्रयोगशाळा कुठे उभारायच्या, संशोधक कसे घडवायचे, हे संशोधन धोरणाचे प्रश्न आहेत. निर्माण झालेले ज्ञान कारखान्यात, शेतात, दवाखान्यात किंवा सरकारी कामकाजात उतरावे म्हणून जी व्यवस्था लागते, तिचा विचार नवोन्मेष धोरण करते. केंद्र सरकारने १९५८ साली विज्ञान धोरणाचा ठराव मांडला, १९८३ साली तंत्रज्ञान धोरण जाहीर केले, २००३ साली दोहोंना एकत्र आणले आणि २०१३ च्या धोरणात नवोन्मेषाला त्यांच्या बरोबरीचे स्थान दिले.

या चार दस्तऐवजांवरूनच देशातील संशोधनाचा अंदाज बांधू गेल्यास मात्र फसगत होते. पेटंटचा कायदा, धान्याची आधारभूत किंमत, आयातशुल्क, प्राप्तिकरातील सवलत, बियाण्याचा दर ठरवणारा आदेश यांपैकी एकावरही संशोधन धोरणाची पाटी लावलेली नसते. तरीही संशोधकाने उद्या कशावर काम करावे, हे पुष्कळदा तेच ठरवतात. म्हणून पुढील उत्तरांत धोरणाच्या मजकुरापेक्षा टंचाई कोणाला जाणवली आणि ती सरकारला किंवा बाजाराला जाणवून देण्याची ताकद कोणाकडे होती, याकडे अधिक लक्ष दिले आहे.

आर्थिक संकटामुळे संशोधनाची दिशा खरोखर बदलते का?

बदलते, पण संकट एकटे पुरेसे नसते. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारी रसायने, औषधे आणि यंत्रसामग्री अडली, तेव्हा ब्रिटिश सरकारलाही भारतात औद्योगिक संशोधन हवेसे वाटू लागले आणि सप्टेंबर १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सीएसआयआर, अस्तित्वात आली. परकीय राजवटीने युद्धाच्या निकडीपोटी उभारलेली ही चौकट स्वतंत्र भारताने आयात कमी करण्याच्या उद्दिष्टासाठी वापरली, आणि ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

याउलट मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला तो अशा कोणत्याही आणीबाणीमुळे नव्हे. शहरात कापडगिरण्या होत्या, त्यांना रंगाई आणि प्रक्रियेची रसायने जाणणारी माणसे हवी होती, आणि देणगी देणारे उद्योजकही तेथेच राहत होते. संकटाइतकेच खात्रीचे गिऱ्हाईकही संशोधनाला आकार देते, ही बाब धोरणांच्या चर्चेत अनेकदा नजरेआड होते.

हरितक्रांतीचे श्रेय बियाण्याला द्यायचे की धोरणाला?

दोघांना वेगळे करता येत नाही. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला, अमेरिकेकडून पीएल-४८० कार्यक्रमाखाली येणाऱ्या गव्हावर देशाची भिस्त होती आणि त्या गव्हाच्या जहाजांना राजकीय अटी चिकटू लागल्या होत्या. बुटक्या मेक्सिकन गव्हाच्या चाचण्या भारतात त्याआधीच सुरू झाल्या होत्या, म्हणूनच १९६६ मध्ये सुमारे १८,००० टन बियाणे आयात करण्याचा धाडसी निर्णय घेता आला. तत्कालीन कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी त्याच सुमारास दुसऱ्या बाजूची तयारी केली होती. १९६५ साली कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, आणि पिकलेला गहू ठरावीक भावाने विकला जाईल, ही हमी शेतकऱ्याला मिळाली. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ पर्यंत २ कोटी ३० लाख टनांच्या पुढे गेले.

हमीचे महत्त्व किती, हे महाराष्ट्रातील ज्वारीकडे पाहिल्यावर कळते. सीएसएच-१ हे संकरित वाण १९६४ मध्येच उपलब्ध झाले होते. म्हणजे ज्वारीकडे विज्ञान उशिरा पोहोचले असे म्हणता येत नाही. मात्र गव्हासारखी खात्रीची खरेदी ज्वारीच्या वाट्याला कधी आली नाही. खरिपातील संकरित ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडून काळी पडे आणि तिच्या भाकरीला घरात मान नसे. रब्बीत आजही मालदांडी या जुन्या वाणाला पसंती आहे, कारण शेतकरी दाण्याइतकाच कडब्याचाही हिशेब करतो. संशोधकाच्या लेखी उत्पादन म्हणजे हेक्टरी दाणा; सोलापूरच्या शेतकऱ्याच्या लेखी त्यात बैलाचा चाराही येतो.

राज्यातील चार कृषी विद्यापीठे हाही सामाजिक दबावाचाच परिणाम आहे. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली आणि परभणी व दापोलीची विद्यापीठे १९७२ साली आली. त्यांमागे पीकपद्धतीतील फरक होताच. पण प्रादेशिक न्यायाची मागणी आणि विदर्भातील आंदोलनही होते.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषध संशोधन वाढले की नकलेला मोकळे रान मिळाले?

हा प्रश्न जितका तावातावाने विचारला जातो, तितका तो सरळ नाही. स्वातंत्र्यानंतरही १९११ चा कायदा लागू होता. बहुतांश पेटंटे परदेशी कंपन्यांकडे होती, त्यांतील बहुतेकांचा भारतात वापरच होत नव्हता आणि औषधे बाहेरून येत होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने ही स्थिती तपशिलाने मांडली. अमेरिकी सिनेटच्या एका समितीनेही त्याच सुमारास भारतातील औषधांचे दर जगातील सर्वांत चढ्या दरांत मोडतात, अशी नोंद केली होती.

नव्या कायद्याने औषध आणि अन्न यांच्या बाबतीत पदार्थावरचे पेटंट बंद केले; फक्त तो तयार करण्याच्या प्रक्रियेला आणि तेही कमाल सात वर्षांसाठी संरक्षण ठेवले. परिणामी भारतीय रसायनशास्त्रज्ञापुढे एक अगदी नेमका प्रश्न उभा राहिला: हाच रेणू दुसऱ्या, स्वस्त मार्गाने कसा बनवता येईल? या प्रश्नाला अनुरूप माणसे तयार होतीच. मुंबईतील रासायनिक तंत्रज्ञान विभाग, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारखे सरकारी कारखाने यांतून एक पिढी घडली होती. डॉ. रेड्डीज या कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी यांचे शिक्षण मुंबईच्या त्याच विभागात आणि पीएच.डी. पुण्याच्या प्रयोगशाळेत झाली, हा केवळ योगायोग नव्हता.

त्याचे फळ २००१ मध्ये जगाला दिसले. एचआयव्हीवरील तीन औषधांचा उपचार श्रीमंत देशांत दरवर्षी दहा हजार डॉलरांहून अधिक खर्चाचा असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने सेवाभावी संस्थेला देऊ केला. आफ्रिकेतील उपचारांचे गणित त्यानंतर बदलले. या कामाला नक्कल म्हणणाऱ्यांनी प्रक्रिया-रसायनाचे कष्ट पाहिलेले नसतात, असे आमचे मत आहे. तरीही एक उणीव मान्य करावी लागते. अगदी नवा रेणू शोधण्याची सवय, त्यासाठी लागणारी जीवशास्त्राची बैठक आणि दहा-पंधरा वर्षे थांबण्याची तयारी या कायद्याच्या छायेत फारशी वाढली नाही.

जागतिक व्यापार संघटनेत गेल्यानंतर काय बदलले?

१ जानेवारी १९९५ पासून बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराची बंधने आली आणि १९९९, २००२ व २००५ अशा तीन टप्प्यांत कायदा सुधारून औषधांवरील पदार्थ-पेटंट परत आणावे लागले. देशांतर्गत उद्योग, रुग्णसंघटना आणि संसदेतील डावे पक्ष यांच्या रेट्यामुळे २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(ड) आले. जुन्याच रेणूचे किरकोळ रूपांतर करून नव्याने पेटंट मागणाऱ्याला परिणामकारकतेत वाढ दाखवावी लागेल, असे हे कलम सांगते. त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या कर्करोगावरील औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला. त्याआधी मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची मुभा, मिळाली आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८०० रुपयांत देण्याचे बंधन तिच्यावर आले.

प्रयोगशाळांतील वातावरणही पालटले. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या वापराला पेटंट मिळाले आणि सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. पुढे पारंपरिक ज्ञानाची अंकीय सूची तयार झाली ती याच अनुभवातून. शोधनिबंध छापण्याआधी पेटंट घ्या, असा आग्रह सरकारी प्रयोगशाळांत धरला जाऊ लागला; त्याचा अतिरेक होऊन वापरात न येणारी पेटंटे जमा करण्याची प्रवृत्तीही वाढली.

तंत्रज्ञान नाकारले गेले की देशात ते तयार होते, हे कितपत खरे आहे?

अर्धे खरे आहे. अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या प्रगत संगणन संस्थेची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. क्रायोजेनिक, म्हणजे अतिशीत इंधनावर चालणाऱ्या, रॉकेट इंजिनाची कथा मात्र इतकी झटपट नाही. रशियाने १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली तंत्रज्ञान हस्तांतरणातून माघार घेतली, आणि स्वदेशी इंजिनासह जीएसएलव्ही या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. मधल्या दोन दशकांत सरकारे बदलली, २०१० चे उड्डाण फसले, तरी पैसा आणि माणसे टिकून राहिली, म्हणून ते जमले.

जिथे हा टिकाव नव्हता, तिथे अडवणूक झाली तरी काही उभे राहिले नाही. मोहालीतील सरकारी सेमीकंडक्टर कारखान्याला १९८९ मध्ये आग लागली आणि त्यानंतर त्या क्षेत्रात देश मागे पडत गेला. बाजारात परदेशी चिप सहज मिळत होती, त्यामुळे उशिराची टोचणी कोणालाच लागली नाही.

१९९१ नंतर खासगी कंपन्यांनी संशोधनावर खर्च का वाढवला नाही?

रुपयांत तो वाढला, प्रमाणात नाही. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०१०-११ मध्ये सुमारे ६० हजार कोटी रुपये होता. २०२०-२१ मध्ये तो १ लाख २७ हजार कोटींच्या पुढे गेला. सकल देशांतर्गत उत्पादनाशी त्याचे प्रमाण मात्र ०.६४ टक्क्यांवर आले, आणि त्यातही खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच आहे. चीनमध्ये एकूण खर्च २ टक्क्यांहून बराच अधिक असून त्यातील तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कंपन्या उचलतात.

यासाठी कंपन्यांना कंजूष म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण उदारीकरणानंतर वाढ झाली ती प्रामुख्याने सेवाक्षेत्रात, आणि माहिती तंत्रज्ञानातील कंपन्यांचा नफा मनुष्यबळाच्या दरातील फरकावर उभा होता. त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. यंत्रउद्योगात परदेशी भागीदाराचे तयार तंत्रज्ञान घेणे कमी जोखमीचे होते. औषधनिर्माण आणि वाहनउद्योग या दोन अपवादांत संशोधन वाढले, कारण तिथे निर्यात होती आणि नियमांचा दबाव होता. संशोधनखर्चावर प्राप्तिकरात मिळणारी दुप्पट वजावट २०१७ मध्ये दीडपट आणि २०२० पासून प्रत्यक्ष खर्चाइतकीच झाली. सवलत होती तेव्हाही फार मोठा फरक पडला नव्हता, हे लक्षात घेता तिच्या जाण्यावर सगळा दोष टाकणे पटत नाही.

दुसरीकडे परदेशी कंपन्यांनी बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे संशोधन केंद्रे उभारली आणि भारतीय अभियंत्यांनी तिथे उत्तम काम केले. त्या कामाचे पेटंट आणि उत्पादनाचा निर्णय मात्र बहुधा मुख्यालयाच्या देशात राहतो.

परदेशी ग्राहकाच्या अटींमुळे स्थानिक संशोधन बदलल्याचे उदाहरण आहे का?

नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हा प्रश्न विचारावा. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष आढळले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर अवशेष तपासणीची राष्ट्रीय योजना, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळा आणि प्रत्येक बागेची नोंदणी करणारी ग्रेपनेट ही प्रणाली उभी राहिली. तोवर या केंद्राकडून मुख्यतः वाण, खुंट आणि रोग यांवरील कामाची अपेक्षा असे. आता अतिसूक्ष्म प्रमाणातील रसायन मोजण्याची क्षमता हे त्याचे मोठे बलस्थान झाले.

तरीही २०१० मध्ये पुन्हा ठेच लागली. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी सर्रास वापरले जाणारे सीसीसी हे संजीवक तपासणीच्या यादीत नव्हते. युरोपने ते तपासले आणि माल बंदरांत अडकला. बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. धोरणाच्या दृष्टीने यातील धडा स्पष्ट आहे. युरोपातील ग्राहकाच्या आरोग्यविषयक धारणा बदलल्या की मांजरीतील प्रयोगशाळेचा पुढील वर्षाचा कार्यक्रम बदलतो. हीच तत्परता देशांतर्गत बाजारात विकल्या जाणाऱ्या भाजीपाल्याच्या तपासणीत दिसत नाही, कारण मंडईतल्या गिऱ्हाइकाला माल परत पाठवता येत नाही.

संशोधनाचा खर्च शेतकऱ्यांनीच उचलल्याचे उदाहरण आहे का?

आहे. मांजरीतीलच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था १९७५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि सभासद कारखान्यांच्या वर्गणीचा तिला आधार आहे. ऊस संशोधनाला इतका भक्कम आधार मिळाला, कारण ऊसउत्पादक संघटित होते आणि राज्याच्या राजकारणात त्यांचा शब्द चालत होता. कडधान्ये किंवा तेलबिया पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. इथेनॉलच्या धोरणाने या बळात भर घातली: पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले आणि कारखान्यांनी आसवन्यांत गुंतवणूक केली. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले व पुढील वर्षी ते उठले. अशा हेलकाव्यांत दीर्घ पल्ल्याचे संशोधन कसे आखायचे, हा कारखान्यांचा प्रश्न रास्त आहे. पाण्याचा प्रश्नही तितकाच रास्त आहे, पण तो विचारणारे बहुधा सभासद नसतात.

ज्यांच्याकडे खरेदीची ताकद नाही, त्यांचे प्रश्न संशोधनात कसे येतात?

बाजाराच्या मार्गाने ते सहसा येत नाहीत. कोणीतरी आधी तो प्रश्न मोजून दाखवावा लागतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील सुमारे ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असेच सरकारी कार्यक्रमाचे गृहीतक होते. स्त्रिया सांगत नव्हत्या, आणि विचारणारेही कोणी नव्हते. म्हणून आकडा नव्हता, आणि आकडा नाही म्हणून तरतूद नव्हती. जगभर प्रजनन आरोग्याची चर्चा पुढे सरकली, तीत या अभ्यासाचा वारंवार उल्लेख झाला.

त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचे दुसरे काम धोरणाच्या अधिक जवळचे आहे. गावातीलच स्त्रीला प्रशिक्षण देऊन ती नवजात बाळाची घरी काळजी घेईल, जंतुसंसर्ग ओळखेल आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देईल, ही कल्पना अनेक डॉक्टरांना धोकादायक वाटत होती. ३९ गावांत ती राबवून आणि ४७ गावांशी तुलना करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट दिसली. आशा कार्यकर्तीच्या कामात घरभेटीवर आधारित नवजात काळजी देशपातळीवर आली ती २०११ मध्ये, म्हणजे पुरावा हाती आल्यानंतर बारा वर्षांनी. मधल्या काळात आशांची योजना उभी राहिली नसती, तर कदाचित आणखी उशीर झाला असता. इंजेक्शनचा सर्वांत वादग्रस्त भाग राष्ट्रीय कार्यक्रमात मूळ स्वरूपात आला नाही, हेही नोंदवले पाहिजे. धोरण पुरावा स्वीकारते तेव्हा तो आपल्या सोयीने छाटून घेते.

दुसरा मार्ग खरेदीची हमी दुसऱ्याने देण्याचा आहे. आफ्रिकेत १९९६-९७ मध्ये मेनिंजायटिस ‘अ’ची साथ येऊन सुमारे २५ हजार माणसे दगावली. लस बनवणे विज्ञानाला अशक्य नव्हते, परंतु ५० सेंटांहून कमी किमतीत ती विकण्यात मोठ्या कंपन्यांना रस नव्हता. किंमत आधी ठरवून, जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या सहकार्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती तयार केली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठी मोहीम सुरू झाली. जिथे लसीकरण झाले, तिथून ‘अ’ गटाचा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

बीटी कापसाच्या प्रकरणातून धोरणाबद्दल काय कळते?

समाज धोरणाची वाट पाहत नाही, ही पहिली गोष्ट. मार्च २००२ मध्ये अधिकृत परवानगी मिळण्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातच्या शेतांत बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेला कापूस, उभा असल्याचे उघड झाले होते. पुढे दशकभरात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. भारतात हे तंत्रज्ञान जवळजवळ पूर्णपणे संकरित वाणांतून आले, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि कंपनीला त्यातच मोबदला मिळतो. विदर्भाच्या हलक्या, पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीसाठी कमी कालावधीचे, दाट लावता येणारे सरळ वाण (ज्याचे बियाणे शेतकऱ्याला घरचे राखता येते) अधिक योग्य ठरले असते, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी अनेकदा मांडले. सरकारी संस्थांनी २००९ मध्ये आणलेले सरळ बीटी वाण मात्र वादात सापडून मागे घ्यावे लागले. लांब मुदतीचे संकरित पीक शेतात महिनोन्महिने उभे राहिले आणि गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवली.

तिसरी गोष्ट मजुरीची आहे. निंदणीचा खर्च वाढला, वेळेवर बाया मिळेनात, म्हणून तणनाशक सहन करणाऱ्या कापसाची मागणी आली. २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात त्याची जाहीर लागवड करून कायदेभंग केला. शेतकऱ्याच्या बाजूने ही मागणी समजण्यासारखी आहे. परंतु निंदणी हाच ज्यांचा पावसाळ्यातला रोजगार आहे, त्या भूमिहीन स्त्रियांचे म्हणणे या वादात जवळजवळ ऐकूच आले नाही. बीटी वांग्यावरील जनसुनावण्या देशात सात शहरांत झाल्या, त्यांत नागपूरही होते, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. सुनावणीला मजूर दिवस बुडवून येत नाही.

कोविडमुळे भारताचे संशोधन धोरण बदलले का?

महासाथीने आधीपासून असलेली क्षमता उघड केली. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून, सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून काम करत होती. परीक्षणसंच, विषाणूचे विलगीकरण आणि लसनिर्मिती इतक्या वेगाने झाली ती या साठवणीच्या जोरावर. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले आणि जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी मात्रा दिल्या गेल्या. लशींवरील बौद्धिक संपदेचे हक्क तात्पुरते शिथिल करण्याचा भारत व दक्षिण आफ्रिकेचा ऑक्टोबर २०२० चा प्रस्ताव मात्र जून २०२२ मध्ये अगदी मर्यादित रूपात मान्य झाला, तोवर निकड ओसरली होती.

विद्यापीठांची जागा कुठे आहे?

स्वातंत्र्यानंतर संशोधन राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे आणि अध्यापन विद्यापीठांकडे, अशी वाटणी पडत गेली. तिचे दुष्परिणाम आजही जाणवतात. देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात, तर संशोधननिधी मोजक्या केंद्रीय संस्थांत एकवटतो. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने ही दरी कमी करण्याचे उद्दिष्ट सांगितले आहे.

जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत वर गेला, याचा अर्थ काय घ्यावा?

२०१५ मध्ये ८१ वा असलेला भारत २०२४ मध्ये ३९ वा झाला. माहिती तंत्रज्ञान सेवांची निर्यात, नवउद्योगांतील गुंतवणूक आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांची संख्या यांचा त्यात मोठा हात आहे. संशोधनखर्चाचे प्रमाण त्याच काळात वाढलेले नाही, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत.

नव्या योजनांतील तरतूद पाहताना काय तपासावे?

प्रथम, पैसा कोणाचा आहे ते. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये जाहीर झाले, परंतु त्यांतील सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे प्रामुख्याने उद्योग आणि देणगीदारांकडून अपेक्षित होते. दुसरे, ते अनुदान आहे की कर्ज. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मान्य केलेली एक लाख कोटींची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना मुख्यतः खासगी क्षेत्राला कमी किंवा शून्य व्याजाचे दीर्घ मुदतीचे वित्त देण्यासाठी आहे, आणि तीही बऱ्यापैकी परिपक्व झालेल्या तंत्रज्ञानासाठी. ज्या विषयात विकाऊ वस्तू अजून दृष्टिपथातच नाही, त्याला तिचा उपयोग मर्यादित राहील. तिसरे, अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने. बातमी पहिल्याची होते, काम तिसऱ्यातून होते. आणि राज्याच्या बाबतीत एक साधी चौकशी करावी: नव्या प्रयोगशाळेच्या इमारतीसाठी निधी मिळालेल्या कृषी विद्यापीठात पीकपैदासकाराची आणि कीटकशास्त्रज्ञाची मंजूर पदे किती आहेत आणि त्यांतील किती रिक्त आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.